वजनघटे

वजनघटे आपलं वजन रद्दीवाल्याकडे करतो. अलिबागेत वजनाच्या यंत्रांचा तुटवडा आहे असं नाही. औषधाच्या दुकानात आहे, व्यायामशाळेत आहे. पण दुकानात वजन करून काहीच विकत न घेता बाहेर पडायला जे धाडस लागतं ते त्याच्यात नाही, आणि व्यायामशाळेचा विषय पुढे येईलच. रद्दीवाल्याकडे मात्र तो हक्काने जातो. महिन्यातून एकदा खोलीतली वर्तमानपत्रं नेतो, ती काट्यावरून उतरली की स्वतः चढतो. शिवाय रद्दीवाल्याचा काटा वजन थोडं कमीच दाखवतो, असा त्याच्या आईचा जन्मभराचा अनुभव आहे. ज्या गुणामुळे रद्दीवाले घरोघरी बदनाम झाले, नेमक्या त्याच गुणासाठी येणारं हे पहिलंच गिऱ्हाईक असावं.

वजनघटे हे कुणा एकाचं आडनाव नव्हे. रायगडच्या किनाऱ्यावर जिथे कॉलेज आहे आणि कॉलेजच्या आसपास भाड्याच्या खोल्या आहेत, तिथे तो सापडतो. कधी तो म्हसळ्याच्या बाजूचा असतो, कधी रोह्याचा, कधी मुरुडच्या पलीकडच्या एखाद्या वाडीवरचा. वय एकोणीस-वीस. उंची पाच फूट सहा इंच. वजन ब्याऐंशी किलो, रद्दीवाल्याकडे ऐंशी. घरून महिन्याला येणारे पैसे पंचवीस तारखेला संपतात आणि वजन कमी करण्याचा निश्चय सव्वीस तारखेला होतो. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तो मान्य करत नाही.

उंची आणि वजन यांचं एक गणित त्याला पाठ आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे सूत्र केटले नावाच्या बेल्जियन विद्वानाने १८३० च्या दशकात मांडलं. त्याला ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधायचं होतं. एकट्यादुकट्याचं पोट मोजण्याची त्याची काही इच्छा नव्हती. पुढे १९७२ मध्ये ॲन्सेल कीज या अमेरिकी संशोधकाने या आकड्याला बीएमआय हे नाव दिलं आणि जगभरच्या पोटांमागे तो लागला. वजनघट्याचा बीएमआय एकोणतीसच्या आसपास येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने लठ्ठपणा तिसापासून सुरू होतो. पण आपल्याकडे कमी वजनातही पोटावर चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो, म्हणून भारतीय डॉक्टरांनी ही रेघ पंचविसावर आणून ठेवली आहे. म्हणजे वजनघटे अलिबागेत लठ्ठ आहे, पण विमानात बसून परदेशी उतरला की नुसताच जरा भरलेला. मांडव्याहून लाँचने गेटवेपर्यंत गेलं तर थोडाफार फरक पडतो का, हेही त्याने एकदा विचारून पाहिलं होतं.

खाण्याची हाव त्याला आहे, पण बेताची. त्याचा घात करते ती काटकसर.

मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला द्यावे लागतात. दोन चपात्या, एक भाजी, आमटी आणि भात हवा तेवढा. या ‘हवा तेवढा’मध्ये वजनघट्याचं सगळं दुर्दैव सामावलं आहे. भात कमी घेतला तर वजन कमी होईल हे त्याला कळतं, पण न खाल्लेला भात मेस चालवणाऱ्या मावशींच्या नफ्यात जमा होतो हेही कळतं. ताटात टाकायचं नाही आणि पैसे सोडायचे नाहीत, या दोन संस्कारांत वाढलेला मुलगा तिसऱ्यांदा भात मागतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत भूक नसते, हिशेब असतो.

वडापावचंही तसंच. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी असतात. तो पंधरा रुपयांना मिळाला तर रुपयाला वीस कॅलरी पडल्या. तेवढ्याच पैशांच्या काकडीत पन्नाससुद्धा भरत नाहीत. वजनघट्याच्या मते काकडी हा तोट्याचा व्यवहार आहे. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, कारण त्याचा हिशेब बरोबर आहे. तेल, मैदा, साखर आणि बटाटा यांच्याइतकं स्वस्तात पोट भरणारं दुसरं काही बाजारात नाही. फळं, पालेभाज्या, ताजी मासळी यांत कॅलरी थोड्या आणि पैसे फार. खिसा जितका हलका तितकं खाणं जड, ही तक्रार मोठमोठे पोषणतज्ज्ञ करतात. वजनघट्याला ती कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या गाडीवर, चटणी लावता लावता समजली आहे.

लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा एक सुखवस्तू गृहस्थ होता. आपण बारीक कसे झालो हे त्याने १८६३ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत लिहिलं आणि ती हातोहात खपली. पाव, साखर, बटाटे, बिअर सोडायची आणि मांस, मासे खायचे, असा त्याचा मार्ग. वजनघट्याने हे कुठेतरी वाचलं आणि मटणाचा किलोचा भाव आठवून मोबाईल बाजूला ठेवला.

मग त्याने स्वदेशी मार्ग धरला. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात खाण्यावरून घरोघरी दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, कडकडून भूक लागेल त्या दोनच वेळा जेवा, जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, मधे काही खाऊ नका. दर खाण्याला शरीरात इन्सुलिन सुटतं आणि ते वारंवार सुटू नये. ही मूळ दिशा डॉ. श्रीकांत जिचकारांची, असं ते स्वतःच सांगतात. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात, आपल्या भागात पिकतं ते खा, थोडं थोडं खा, भाताला आणि तुपाला घाबरू नका. सासू एका पक्षात आणि सून दुसऱ्या, अशीही घरं त्या काळात होती. वजनघट्याने दोन्ही पंथांचा सखोल अभ्यास केला आणि दोन्हींतलं सार उचललं: दीक्षितांकडून पंचावन्न मिनिटं आणि दिवेकरांकडून तूप.

पंचावन्न मिनिटं ही जास्तीत जास्त मुदत आहे, ती पुरी केलीच पाहिजे असं काही नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही. मेसमध्ये तो मोबाईलवर गजर लावून बसू लागला. चाळिसाव्या मिनिटाला इतरांची ताटं धुवून झालेली असत. शेवटी एक दिवस मावशी म्हणाल्या, “बाबू, वाल संपले. आता मला सोलून घालू का?”

व्यायामशाळेचं असं झालं की महिन्याची फी जास्त आणि तीन महिन्यांची मिळून कमी. कमी म्हणजे दर महिना कमी. हातातून जाणारे पैसे जास्तच. वजनघट्याने अर्थातच तीन महिन्यांची भरली. तो नऊ दिवस गेला. आता त्या नऊ दिवसांचा रोजचा दर काढला की त्याच्या छातीत कळ येते. प्रोटीन पावडरच्या डब्याची किंमत त्याने तिथेच विचारली होती. तेवढ्यात घरचा महिन्याचा किराणा येतो, हे त्याने प्रशिक्षकाला प्रामाणिकपणे सांगितलं.

प्रथिनं तर हवीतच. आता खरी गंमत अशी की अलिबागच्या मासळी बाजारात कोळणी ज्याची रास घालून बसतात त्या सुकवलेल्या जवळ्यात निम्म्याहून अधिक प्रथिनंच असतात. कुठल्याही डब्यावर भलामोठा दंड दाखवणाऱ्या माणसाचं चित्र नसताना. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अवघी किनारपट्टी सुकटीवर, सोड्यांवर आणि बोंबलांवर निभावून नेते. वजनघट्याची आजी कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी आणि भाजलेला जवळा यांवर ऐंशी वर्षं काटक राहिली. नातू कांदा घालून ओट्स शिजवतो हे ऐकल्यावर ती फोनवर म्हणाली, “मेल्या, आजारी आहेस तर घरी ये ना.”

जवळा त्याने आणलाही. खोली ब्राह्मण आळीतली. तव्यावर पहिली मूठ पडली आणि दोन मिनिटांत घरमालकीणबाई दारात उभ्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त खिडकी उघडली. उरलेला जवळा तो मेसवर देऊन आला. मावशींनी त्यात अलिबागचा पांढरा कांदा चिरून घातला. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हाच तो, वेणीसारख्या माळांत गुंफून विकला जाणारा, गोडसर कांदा. तो जवळा इतका झकास झाला की त्याच्याबरोबर तीन वेळा भात लागला.

राहता राहिलं चालणं. ते फुकट असतं. गावात रस्ते आहेत, वरसोलीपर्यंत पसरलेला किनारा आहे, पण नुसतं चालण्यात वजनघट्याला काही हाती लागल्यासारखं वाटत नाही. चालून कुठेतरी पोचलं पाहिजे. म्हणून त्याने रोज सकाळी कुलाबा किल्ल्यावर जाऊन यायचं ठरवलं. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचा आधार झालेला हा किल्ला किनाऱ्यापासून जेमतेम दीड-दोन किलोमीटर. ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाता येतं. ब्याऐंशी किलोच्या माणसाचे चालताना किलोमीटरमागे साठेक कॅलरी खर्च होतात. म्हणजे एका फेरीत दोनशेच्या वर. किनाऱ्यावर परतल्यावर वडापाव खाल्ला तर जवळपास शंभर कॅलरींचा तोटा, पण तो नंतरचा प्रश्न.

आधीचा प्रश्न समुद्राचा होता. समुद्र सोमवारपासून काही सुरू करत नाही. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांचा एक हिशेब आहे: तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला, वजनघटे वर्गात झोपलेला असताना. सकाळची सोयीची ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागेच मिळते, पंधरवड्यातून चार-पाच दिवस. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण सात हजार सातशे कॅलरी. त्यासाठी सदतीस फेऱ्या हव्यात. महिन्याला नऊ-दहा फेऱ्या पकडल्या तर एका किलोला चार महिने. तोवर सेमिस्टर संपतं. वजन उतरवण्यासाठी पंचांग बघणारा हा बहुधा पहिलाच विद्यार्थी असेल. मेसच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्याने ओहोटीच्या दिवसांना पेन्सिलीने गोल केले आहेत. मावशींना ते गॅस सिलिंडरचे वाटतात.

द्वितीयेचा दिवस होता. दीडला भरती, म्हणजे साडेसातच्या सुमारास ओहोटी. वजनघटे सातला निघाला, वाळूत पावलं उमटवत किल्ल्याच्या दरवाजाशी पोचला. एरवी तो तटाला हात लावून परत फिरतो. त्या दिवशी का कोण जाणे, त्याने पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढलं. आणि एकदा तिकीट काढलं म्हटल्यावर किल्ला अर्धवट बघून परतणं शक्य नव्हतं. त्याने बुरूज बघितले. तोफा बघितल्या. गणपतीच्या देवळात बसला. गोड्या पाण्याच्या विहिरीत वाकून बघितलं. चहूबाजूंनी खारं पाणी असताना हे गोडं कसं, यावर बराच वेळ विचार केला. तटावरून फोटो काढले. सगळं वसूल झाल्याची खात्री पटल्यावर तो दरवाजाशी आला, तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते आणि अलिबागचा किनारा होता तिथेच होता, फक्त मधे अरबी समुद्र आला होता.

एक होडीवाला होता. त्याने पलीकडे सोडायचे पैसे सांगितले. वजनघट्याने मनात ते पंधराने भागले, किती वडापाव होतात ते पाहिलं आणि नको म्हणाला.

साडेपाचपर्यंत तो किल्ल्यात होता. विहिरीचं पाणी प्यायला. दुपारी तटाच्या सावलीत झोपला. खायला काहीही नव्हतं. ठरवून तीन वर्षांत जे जमलं नव्हतं ते चंद्राने एका दिवसात जमवून दिलं. पाणी गुडघ्याखाली आल्यावर तो हातात चपला घेऊन निघाला, उन्हाने लाल झालेला आणि खरंच किंचित बारीक दिसणारा. खोलीत अंगावर दोन तांबे ओतून घेतले. मेसच्या वाटेत रद्दीवाल्याकडे काट्यावर चढला. एकोणऐंशी. त्यातलं बरंचसं घामावाटे गेलेलं पाणी असणार आणि रात्रीपर्यंत ते परत येणार, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने काट्याचा फोटो काढून आईला पाठवला.

तिथून तो मेसवर गेला. मावशी रात्रीची कणीक मळत होत्या.

“मावशी,” तो दारातूनच म्हणाला, “माझं दुपारचं ठेवलंय ना?”