शेवयांवर ऑम्लेट

शेवयांचं आपल्याकडे सगळं ठरलेलं आहे. एक तर त्यांची खीर होते, नाहीतर शिरा, आणि घरात कुणाला डायबेटिस असला तर उपमा. आम्ही कोकणातले लोक त्या तांदळाच्या करतो, त्यांना शिरवाळे म्हणतो आणि गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातो. यापलीकडे शेवयांना आणखी एखादी गती असू शकते, हे माझ्या सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई कराडच्या. खपली गव्हाच्या शेवया पाटावर वळून काठीवर वाळत घालण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. शेवई हातात घेऊन तिचा गहू सांगणाऱ्या ज्या काही बायका अजून शिल्लक आहेत, त्यांतल्या त्या एक.

त्यांना आम्ही व्हिजिट व्हिसावर दुबईला आणलं. दुबईत सासूबाईंना दाखवण्यासारख्या गोष्टी आठवडाभरात संपतात. बुर्ज खलिफाच्या टोकावर जाऊन आल्यावर त्यांचा अभिप्राय एवढाच होता की, ‘लिफ्ट चांगली आहे.’ मग बायकोने मोर्चा उत्तरेला वळवला. रास अल खैमा दुबईहून शंभर-एक किलोमीटर. रस्ता सरळ, पहाटे निघालं तर न्याहारीला पोचता येतं. आणि न्याहारीलाच पोचायचं होतं, कारण मला त्यांना बलालीत खिलवायचं होतं.

बलालीत हा आखाती किनाऱ्यावरचा शेवयांचा पदार्थ. कुवेत, बहरीन, कतार आणि अमिराती हे चौघेही तो आपलाच म्हणून सांगतात, आणि चौघांच्याही घरी ईदच्या सकाळी तो असतो. बारीक शेवया भाजून किंवा उकडून घ्यायच्या, त्यात साखर, तूप, वेलची, केशर आणि गुलाबपाणी घालायचं. इथपर्यंत कराडला काही अडचण नाही. यानंतर अमिराती गृहिणी अंडी फोडते, त्यात मीठ-मिरपूड घालते, पातळ ऑम्लेट करते आणि ते शेवयांवर सारखं पसरून ताट पुढे करते.

आमच्यापुढे ते ताट एका कासारगोडच्या मुलाने आणून ठेवलं. या देशात अस्सल अमिराती जेवण वाढायला अस्सल मल्याळी माणूस लागतो, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. बरोबर करक चहा होता, चबाब नावाचे छोटे घावन होते, खजुराचा पाक होता. सासूबाईंनी ऑम्लेटचा कोपरा चमच्याने उचलला, खाली पाहिलं आणि परत झाकला.

‘जावईबापू,’ त्या म्हणाल्या, ‘ह्यांच्या स्वयंपाकघरात काहीतरी गोंधळ झालाय. दोघांच्या ऑर्डरी एकाच ताटात आल्यात.’

इथे एक खुलासा केला पाहिजे. सासूबाई अंडं खातात. मटणाच्या बाबतीत तर त्या सातारा जिल्ह्याचं नाव राखून आहेत. त्यांचा आक्षेप धर्माचा नव्हता, शिस्तीचा होता. सत्यनारायणाच्या प्रसादावर कुणी कांदा चिरून घालावा तसं त्यांना ते वाटलं. बायकोने ‘आई, खाऊन तर बघ’ असं म्हणून स्वतः मात्र चबाब पुढे ओढले.

शेजारच्या टेबलावर बुरखा घातलेल्या एक वयस्क अमिराती बाई नातवंडांना भरवत होत्या. इथली जुनी माणसं हिंदी चांगलं बोलतात. त्यांनी थोडा वेळ आमच्या ताटाकडे पाहिलं आणि त्यांना राहवेना.

‘अम्मा, अंडा साथ में खाओ. अलग नहीं.’

‘हमारे में गोड के उपर अंडा नहीं चलता,’ सासूबाई कराडच्या हिंदीत म्हणाल्या.

‘चलता नहीं तो मीठा बहुत लगता,’ बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या नातवाच्या तोंडात तसाच एक घास घालून त्यांनी प्रात्यक्षिक दिलं. पुढे असंही निघालं की त्यांचे वडील मुंबईला गलबतावरून जात आणि येताना तांदूळ, वेलची आणि आईसाठी कापड आणत. म्हणजे ताटातली वेलची एकेकाळी आमच्याच बंदरातून आलेली. सासूबाईंचा चेहरा थोडा निवळला. माल आपला असेल तर गोष्ट वेगळी.

ते खरंही आहे. हा किनारा म्हणजे पाठीशी वाळू आणि पुढे खारं पाणी. खजूर आणि मासळी घरची, बाकी सगळं गलबतावरून. केशर पलीकडच्या इराणातून, तांदूळ-साखर-चहा-मसाले मुंबई आणि मलबारातून. बदल्यात इथून मुख्यतः एकच गोष्ट जायची: मोती. मुंबई ही आखाती मोत्यांची बाजारपेठ होती, आणि इथे चलन म्हणून रुपया चालायचा, तो थेट 1966 पर्यंत.

जाता जाता हेही सांगतो. मी वेंगुर्ल्याकडचा. फेब्रुवारी 1819 मध्ये सर विल्यम ग्रँट कीर नावाच्या साहेबाने आमच्या तालुक्यातला रेडीचा किल्ला सावंतवाडीकरांकडून जिंकून घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात हाच साहेब मुंबईहून आरमार घेऊन निघाला आणि डिसेंबरात त्याने रास अल खैमा घेतलं. जानेवारी 1820 मध्ये इथल्या शेखांशी तहही केला. इंग्रजांच्या दप्तरात आम्हीही चाचे आणि हेही चाचे. एकाच साहेबाचा एकाच वर्षी मार खाल्लेल्या दोन गावांचं काहीतरी नातं लागत असणार, असं मी सासूबाईंना पटवायला गेलो.

‘म्हणून काय ते खायचं?’ त्या म्हणाल्या.

न्याहारीनंतर आम्ही अल जझीरा अल हमरा पाहायला गेलो. हे मोत्यांवर जगलेलं गाव. प्रवाळाच्या दगडांची घरं, मशिदी, वारा खाली ओढणारा मनोरा. इथले झाब लोक 1968 च्या सुमारास उठून अबूधाबीला गेले आणि गाव तसंच उभं राहिलं. मग रिकाम्या गावात जे राहायला येतात ते आले, म्हणजे जिन्न. अलीकडे सरकारने बरीच डागडुजी केली आहे आणि कलामहोत्सवही भरतो. जिन्नांची त्यामुळे गैरसोय होत असणार.

उन्हाळ्याचे चार महिने इथले पुरुष समुद्रावर असत. पाणबुड्या नाकाला चाप लावून, पायाला दगड बांधून तळाशी जाई. वर दोर धरणारा असे, तो झटका मिळाला की ओढून काढी. सकाळी खजूर आणि कॉफी, मग दिवसभर बुड्या, रात्री भात-मासळी. पोट भरलं की बुडी नीट लागत नाही, म्हणून दिवसा उपासच. केशर-गुलाबपाण्याचं बलालीत गलबतावर कुणी पाहिलं नाही, ते घरचं. आणि पाणबुड्याच्या डोक्यावर नाखव्याचं कर्ज असे, ते बाप गेला की मुलाच्या डोक्यावर येई. त्या मोत्यांची किंमत काय होती? 1917 साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची एक हवेली कार्तिए या जवाहिऱ्यांनी दोन सरांची नैसर्गिक मोत्यांची माळ आणि वर शंभर डॉलर देऊन घेतली. माळेची किंमत दहा लाख डॉलर धरली होती. तीच माळ 1957 मध्ये लिलावात दीड लाखाच्या आसपास गेली. हवेली अजून त्यांच्याकडे आहे.

मधल्या चाळीस वर्षांत काय झालं, हे मला आमच्या ऑफिसातल्या एका जपानी गृहस्थांनी सांगितलं. ते इसेचे. इसे म्हणजे जपानचं मोठं तीर्थक्षेत्र. तिथलं मुख्य देऊळ दर 20 वर्षांनी शेजारच्या जागेवर नवं बांधतात आणि जुनं उतरवतात. गृहस्थांनी मात्र देवळावर दोन वाक्यं खर्च केली आणि उरलेली दुपारची सुट्टी इसे उदोनवर. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड पांढऱ्या शेवया. जपानात बऱ्याच ठिकाणी त्या दाताला प्रतिकार करणाऱ्या हव्या असतात. इसेत त्या तासभर उकडून पार मऊ करतात आणि वर सोयाबीनच्या दाट रसाचा काळा सॉस थोडासा घालतात. कारण तिथे लोक मैलोन्मैल चालून येत. दमलेल्या माणसाला मऊ आणि लगेच मिळणारं हवं असतं. बाकीचे जपानी या उदोनला नावं ठेवतात. आमचे गृहस्थ एरवी छत्री विसरली तरी माफी मागणारे, पण या विषयावर त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

आणि मग ते म्हणाले की इसेच्या शेजारी तोबा नावाचं बंदर आहे, तिथे 1858 मध्ये एका उदोनच्या दुकानदाराला मुलगा झाला. मुलगा तेराव्या वर्षी शाळा सोडून भाजी विकायला लागला. त्याचं नाव मिकिमोतो कोकिची. 1893 मध्ये याने कालवाच्या पोटात मोती धरवून दाखवला. आधी अर्धगोल, पुढे पूर्ण गोल. 1920 नंतर हे मोती जगभर पोचले, वरून 1929 ची मंदी आली, आणि आखातातली गलबतं किनाऱ्याला लागली ती लागलीच. मुंबईचा मोतीबाजारही बसला.

म्हणजे बघा. शेवयांच्या दुकानातल्या पोराने हा अख्खा किनारा बुडवला. चंगेजखान, इंग्रज, वादळं, सगळ्यांना नावं ठेवतो आपण. शेवयांच्या दुकानदाराकडे कुणाचं लक्ष नसतं.

याचा पुढचा भाग अल रम्सला आहे, रास अल खैमाच्या थोडं उत्तरेला. तिथे अल सुवैदी नावाच्या गृहस्थांनी मोत्यांची शेती सुरू केली आहे. त्यांचे आजोबा शेवटच्या पाणबुड्यांपैकी, आणि कामाला भागीदार म्हणून सोबत घेतला तो जपानी. होडीतून नेतात, कालव उघडून दाखवतात. ज्या विद्येने आजोबांचा धंदा गेला ती नातवाने त्याच लोकांकडून शिकून त्याच पाण्यात पेरली, याला मी तरी सूड म्हणेन, आणि फार सभ्य सूड म्हणेन.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मार्गदर्शकाने कालवातून मोती काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उन्हात धरला, शेवई पाहतात तसा.

‘शेतीतला म्हणजे खरा नव्हे ना?’

‘खराच. फक्त बी माणसाने टाकलेलं.’

‘मग आमच्या शेतातला गहू कोण टाकतं?’ त्या म्हणाल्या. मिकिमोतोला हे म्हणायला युरोपातल्या जवाहिऱ्यांशी किती वर्षं झगडावं लागलं होतं!

परतीच्या वाटेवर बायकोने विचारलं, ‘आई, शेवटी खाल्लंस का गं तू ते?’ सासूबाई म्हणाल्या, शेवया गिरणीच्या आहेत, साखर जास्त आहे, गुलाबपाण्याने डोकं धरतं. आणि अंडं नसतं तर दोन घासांपुढे गेलं नसतं. ही पावती त्यांनी दिलेली नाही, माझ्या कानावर पडली.

तेव्हा आखातात येणाऱ्या मराठी माणसाला माझं एवढंच सांगणं. रास अल खैमाला जायचं तर उन्हाळा टाळा आणि सकाळी लवकर पोचा, कारण बलालीत न्याहारीचं आहे, उशिरा गेलात तर बिर्याणी पुढे येते. ऑम्लेट आणि शेवया एकाच घासात घ्या, त्यातलं मीठ आणि मिरपूड नसेल तर ते केशर-गुलाबपाणी अंगावर येतं. आणि ‘अंडं बाजूला द्या’ असं सांगू नका. वाढणारा मुलगा ऐकेल, तो सगळ्यांचं ऐकतो. पण मग जे उरतं ते घरी पंधरा मिनिटांत होतं, त्यासाठी शंभर किलोमीटर गाडी हाकायची गरज नाही.