माठवाले नाना

उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं, ही सर्वमान्य रीत. नानांना ती मान्य नाही. घामानं निथळत तुम्ही ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्यांच्या घरात शिरलात की ते तुम्हाला पंख्याखाली बसवतात, चेहरा निरखतात आणि विचारतात, "काय घेणार? पन्हं, कोकम की लिंबू?" इथं "काहीही चालेल" म्हणालात तर संपलंच. काहीही चालणाऱ्या माणसाला नाना आधी शिकवतात, मग पाजतात.

असे नाना प्रत्येक इमारतीत एक तरी असतातच. एरवी त्यांना चहाचं आधण ठेवता येत नाही. पण होळी पेटली की त्यांच्या अंगात सरबत संचारतं, ते मृग लागेपर्यंत उतरत नाही.

संचाराची सुरुवात जांभळी नाक्याच्या बाजारात होते. तोतापुरी दिसली की नाना मान फिरवतात. पन्ह्याला हवी रायवळ, तीही कोय नुकती धरू लागलेली. ती ओळखण्यासाठी ते देठ नखानं खरवडतात, चीक येतो का बघतात, कैरी नाकाशी नेतात, परत ठेवतात, दुसरी उचलतात. भाजीवालीनं एकदा वैतागून विचारलं, "काका, कैरी घ्यायचीय का सून करून घ्यायचीय?" नानांनी शांतपणे तीन कैऱ्या घेतल्या आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या मागितल्या.

कैरी उकडायची ती कुकरात, पण डब्यात, पाण्यात सोडून नाही. पाण्यात सोडली की निम्मा आंबटपणा त्या पाण्याबरोबर मोरीत जातो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदी बरोबर आहे. त्यांचं बरोबर असतं, हीच तर अडचण आहे. गर हातानं कोळायचा, मिक्सर लावायचा नाही. गराच्या दुप्पट गूळ, वेलची, चिमूटभर मीठ आणि केशर 'असलं तर'. ते नेहमीच असतं, कारण काकूंनी लपवलेली डबी नानांना सापडलेली असते. हे सगळं नाना सांगतात. करतात काकू. नाना ओट्यापासून दोन पावलांवर उभे राहतात, चमचाभर चाटतात आणि "मीठ" म्हणतात. क्रियापद लागत नाही.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तर त्यांना घराबाहेर काढणं हाच मोठा कार्यक्रम असतो. कितीही दूरच्या कामाला पाठवलं तरी नेमकी वाटली डाळ वाढायच्या वेळी ते दारात हजर. आणि जमलेल्या बायकांना विचारणार, "तुमच्याकडे पन्हं कच्च्या कैरीचं करतात की उकडून?" कच्च्याचं म्हणणारी बाई पुढल्या वर्षी येतेच असं नाही.

लिंबाच्या सरबताची शिस्त निराळी. आधी पाण्यात साखर आणि मीठ पूर्ण विरघळवायचं, लिंबू त्यानंतर. तेही बेतानं पिळायचं, कारण साल चुरगळली की कडवटपणा उतरतो. आणि केलं की लगेच प्यायचं, ठेवलं तरी कडू होतं. हे ऐकेपर्यंत तुमची जीभ टाळ्याला चिकटलेली असते. मागे एक कुरियरवाला मुलगा पार्सल द्यायला आला आणि चुकून "काका, जरा पाणी मिळेल?" म्हणाला. नानांनी सबजा भिजत घातला. "दहा-पंधरा मिनिटांत फुगेल," म्हणाले. तो बिचारा दारात उभा, खाली त्याची स्कूटर उन्हात, आणि नाना त्याला सबजा आणि चिया यांतला फरक समजावताहेत. नानांची सून चिया आणते, त्यामुळे या विषयाला घरगुती धारही आहे. "सबजा तुळशीच्या जातीचा! चिया कुठून आला माहितीय? मेक्सिकोकडून!" मुलानं मान डोलावली. सही मात्र घ्यायची विसरला.

पण नानांचा खरा जीव कोकमात. एप्रिल-मेमध्ये कुडाळजवळच्या गावाहून एसटीनं रातांब्यांची पेटी येते. लालबुंद रातांबे पुसून कोरडे करायचे, अर्धे कापायचे, बिया बाजूला (त्यांचं कोकमतेल भेगाळलेल्या टाचांना), आणि वाट्यांत साखर ठासून काचेच्या बरणीत थरावर थर. बरणी उन्हात ठेवली की साखर रस ओढून घेते, आणि काही दिवसांत तळाशी गडद पाक जमतो. पाण्याचा थेंब घालायचा नाही, अ‍ॅल्युमिनियमचं भांडं तर दाखवायचंही नाही. बरणी गच्चीवर आणि शेजारी खुर्ची टाकून, डोक्याला पंचा गुंडाळून नाना. कावळे, पोरं आणि सोसायटीचे सेक्रेटरी या तिघांपासून राखण. एकदा बरणी हलवताना झाकण निसटलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या पांढऱ्या शर्टावर पाक सांडला. तो डाग आजही आहे. तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थांना नाना म्हणाले, "रंग नैसर्गिक आहे, काही होत नाही," आणि त्यांना ग्लासभर सरबत दिलं. त्या गृहस्थांनी दुसरा ग्लास मागितला, तेव्हापासून नाना शर्टाचा विषय जिंकल्यासारखा सांगतात.

या सगळ्याच्या मुळाशी माठ. फ्रिजचं पाणी सरबतात घालणं नानांच्या लेखी पाप. माठाच्या पोटात मलमलीत बांधलेली वाळ्याची जुडी, बाहेरून ओला पंचा, वर पितळी झाकण. आता माठ गार करतो ते त्याच्या अंगातून पाझरलेलं पाणी हवेत उडून जाताना. नागपूरची हवा कोरडी, पाणी झपाझप उडतं, म्हणून तिथल्या माठाचं पाणी दाताला कळ आणतं. ठाण्याची मे महिन्यातली हवा स्वतःच घामेजलेली. इथं माठाला घाम फुटतो, पण वाळत नाही. हे एका शास्त्राच्या मास्तरांनी नानांना सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "तुमचा माठ चिनीमातीचा असेल."

तरीही नानांच्या माठातलं पाणी गार असतं, अगदी घसा सुखावेल इतकं. मला त्याचं कोडं होतं. गेल्या उन्हाळ्यात सकाळी लवकर डबा परत द्यायला गेलो, नाना आंघोळीला गेले होते. काकू फ्रिजमधल्या दोन बाटल्या माठात ओतत होत्या.

"लग्न झाल्यापासून मीच गार करतेय याला," त्या म्हणाल्या आणि रिकाम्या बाटल्या भरून परत फ्रिजमध्ये ठेवल्या.

एवढ्यात नाना पंच्यानं डोकं पुशीत आले. माठातून तांब्या भरला, मला ग्लास दिला आणि मी पिईपर्यंत थांबून राहिले.

"काय? येईल का फ्रिजला ही सर?"