उरलेल्या चुका उद्या

संगणकाच्या प्रोग्रामची तपासणी दुसऱ्या प्रोग्रामकडून करवून घेणे म्हणजे स्वयंचलित चाचणी, आणि तिचा सारा भार ‘असर्शन’ नावाच्या विधानावर असतो. अमुक किंमत अमुकच असली पाहिजे असे ते ठणकावून सांगते व ती तशी नसल्यास ‘एक्सेप्शन’, म्हणजे चालू काम अर्ध्यावर तोडणारी हाकाटी, करून चाचणी तेथेच संपवते. पानावरची पहिली चूक सापडताच उरलेले पान न वाचता मजकूर परत पाठवणारा मुद्रितशोधक कोणत्याही छापखान्यात महिनाभर टिकला नसता. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात मात्र या वृत्तीची गणना शिस्तीत होते.

एखाद्या बिलात ग्राहकाचे नाव, पिनकोड आणि करासह एकूण रक्कम तपासायची असता नावाच्या शेवटी चिकटलेल्या एका स्पेसमुळे पहिलेच असर्शन फेल होते. डेव्हलपर ती स्पेस काढतो, बिल्ड, म्हणजे प्रोग्रामची जुळणी आणि त्याच्या चाचण्या, पुन्हा लावतो, चहा पिऊन येतो आणि आता पिनकोडवर आडवी झालेली चाचणी पाहून दुसऱ्या चहाला निघतो. रक्कमही चुकल्याचे कळेपर्यंत ऑफिस सुटलेले असते.

यावर ‘एका चाचणीत एकच असर्शन’ असा सोवळा उपाय सांगणारा एक पंथ आहे. त्याच्या अनुयायांना तेच बिल तीनदा तयार करावे लागते आणि चाचणीचे नाव चाचणीहून लांब होते. (जेरार्ड मेसारोस यांनी चाचण्यांवरील आपल्या 2007 च्या ग्रंथात, कोणते असर्शन पडले हेच कळू न देणाऱ्या चाचणीच्या दोषाला ‘असर्शन रूलेट’ असे जुगारी नाव दिल्याने या पंथाला शास्त्राधारही लाभला.)

त्याहून व्यवहारी मार्ग अपयशे गोळा करण्याचा होय. 2017 मध्ये आलेल्या जेयुनिट 5 या चाचणी-साधनातील ‘असर्टऑल’ हाती दिलेली सर्व विधाने चालवून पाहते आणि मगच साऱ्या तक्रारी एका गाठोड्यात बांधून पुढ्यात टाकते. गूगलटेस्ट या दुसऱ्या साधनात ‘एक्स्पेक्ट’ चूक नोंदवून पुढे जाते, तर ‘असर्ट’ परत फिरते, पण केवळ चालू फंक्शनमधून. त्यामुळे ते मदतनीस फंक्शनमध्ये असल्यास मदतनीस काम टाकून निघून जातो आणि त्याला बोलावणारा, काही घडलेच नाही अशा थाटात, पुढचे काम चालू ठेवतो.

अर्थात गोळा करण्यालाही तारतम्य लागते, कारण बिलच तयार झाले नसेल तर त्यावरील नाव, पिनकोड आणि रक्कम यांविषयीच्या तीन तक्रारी वाचून कोणाच्याही ज्ञानात भर पडत नाही. म्हणून बिल अस्तित्वात आहे हे कठोर असर्शनाने आधी पाहावे आणि एकमेकांवर न विसंबणारी विधाने तेवढी एकत्र करावीत.

या सर्वांत सौजन्यमूर्ती म्हणजे टेस्टएनजी या आणखी एका साधनाचे ‘सॉफ्टअसर्ट’. ते प्रत्येक चूक निमूटपणे पोटात ठेवते आणि शेवटी त्याला ‘असर्टऑल’ असे सांगितल्याखेरीज तोंड उघडत नाही; ती एक ओळ लिहायची राहिली, की तिन्ही गोष्टी चुकलेल्या असूनही चाचणी हिरवीगार उतरते, बिल्ड पास होते, मॅनेजर खूश होतात आणि चुकीच्या रकमेचे बिल ग्राहकाच्या घरी पोहोचते. सॉफ्टअसर्ट वापरणाऱ्या वाचकांनी ती शेवटची ओळ आपल्या प्रत्येक चाचणीत आहे की नाही, हे कृपया आजच पाहून घ्यावे.