सुमारे

कुलवृत्तान्ताचं काम माझ्या गळ्यात पडून तीन वर्षं झाली. सुमारे.

आमच्याकडे माणूस कोणत्या तिथीला गेला हे कुणी विसरत नाही, कारण त्या दिवशी श्राद्धाचा स्वयंपाक असतो. पणजोबा आश्विन वद्य षष्ठीला गेले, याबद्दल घरात दुमत नाही. साल विचारलं की मात्र माणसं पंख्याकडे बघतात. आत्या म्हणते, मानमोडीच्या साथीत गेले, म्हणजे 1918. काका म्हणतात, छे, रँडसाहेबाच्या प्लेगात, म्हणजे 1897. आजोबांचा जन्म 1910चा असल्यामुळे काकांचं म्हणणं मान्य करणं जरा अडचणीचं आहे, हे मी त्यांना दोनदा सुचवून पाहिलं.

अर्थात आजोबांचा 1910 तरी कुठे खात्रीचा? दाखल्यावर 1 जून आहे. आमच्या घराण्यात नऊ माणसं 1 जूनला जन्मली. हा ग्रहयोग नव्हे, शाळेतले गुरुजी. आत्याच्याही दाखल्यावर 1 जून 1959 आहे. आणि ती स्वतः सांगते, ‘पानशेत फुटलं तेव्हा मी आईच्या पोटात होते.’ पानशेत फुटलं 12 जुलै 1961ला. सगळ्या वृत्तान्तात इतका भक्कम पुरावा दुसरा नाही. पण दाखल्याला शिक्का आहे, आत्याला नाही.

एका पोथीच्या शेवटी ‘शके 1816, पौष’ एवढंच आहे. शकात 78 मिळवायचे की 79, हे पौषात तिथीवर ठरतं. तेवढाच कोपरा कसरीनं खाल्लाय.

हे सगळं मी इमानानं ‘सु.’ लावून लिहिलं. सु. 1918, सु. 1894. भाच्यानं ते कॉम्प्युटरवर चढवलं. त्या प्रोग्रॅमला दिवस-महिना-साल तिन्ही लागतात, तिथी चालत नाही, ‘सु.’ तर मुळीच नाही. भाच्यानं ‘सु.’ टायपिंगची चूक समजून काढून टाकलं आणि जिथे दिवस नव्हता तिथे 1 जानेवारी घातली. यंदा नववर्षाच्या सकाळी मोबाइलवर निरोप आला: आज आपल्या चौदा पूर्वजांचा वाढदिवस. खाली केकचं चित्र. काकांनी चौदाही जणांना शुभेच्छा पाठवल्या.

पुस्तक दिवाळीत छापायला जातंय. पणजोबांचं साल कुणाला पुराव्यानिशी माहीत असेल तर तोवर कळवावं. काकांनी कळवू नये.