अडीच सुती, सहा इंचाला

क्वालिटीच्या खात्यात मुरलेल्या माणसाशी लग्न करू नये, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे आणि त्याला सबळ पुरावे आहेत. चाकण एमआयडीसीत दिवसभर मायक्रॉनमध्ये वावरून मी संध्याकाळी मोशीला निघतो, तेव्हा तळेगाव चौकातल्या कोंडीत माणुसकी संपते, पण खिशातला व्हर्निअर शाबूत राहतो. पोळीची जाडी कडेला एक आणि मध्ये एक आहे, हे मी एकदा मोजून सिद्ध केलं. पुढचे काही दिवस घरात भातच झाला.

अशा माणसाने घर बांधायला काढलं की काय होणार? मोशी, चिखली, चऱ्होली ही गावं 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, त्यामुळे नकाशासोबत परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते. माझा बेत ठरला: सही त्यांची, डोकं आपलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला. लोखंड आपल्याच जातीचं. सिमेंट काय, पुस्तकात वाचू.

पुस्तक म्हणजे काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456, 2000 सालची आवृत्ती. त्यातला तक्ता 26 बघितला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. नऊ प्रकारचे पॅनेल, प्रत्येकाच्या चारही कडांची कुंडली, आणि सगळे आकडे तीन दशांश स्थळांपर्यंत! आमची हॉलची खोली 3.5 मीटर बाय 4.2. कोपऱ्यातली असल्यामुळे लागून असलेल्या दोन कडांपलीकडे स्लॅब नाही, म्हणजे प्रकार चौथा. लांबी भागिले रुंदी 1.2. तक्त्यात बोट सरकवलं. स्लॅबला वाकवणाऱ्या जोराचे गुणांक: आतल्या बीमवर 0.060, खोलीच्या मध्यावर 0.045. मी ते सौ.ना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

हा तक्ता टू-वे स्लॅबचा. आता ते टू-वे प्रकरण काय आहे ते सांगतोच, कारण ऐकून घेणारं घरात कुणी उरलेलं नाही. खोलीची लांबी रुंदीच्या दुपटीच्या आत असली, की स्लॅबवरचं वजन चारही बाजूंच्या बीमवर जातं. दुपटीच्या पुढे ते जवळपास सगळं आखूड दिशेनेच जातं. बाजेवर माणूस बसला की उभी-आडवी दोन्ही सुतळी मधोमध एकाच खड्ड्यात जाते. तसंच इथं आहे. दोन्ही दिशांच्या पट्ट्या मध्यावर सारख्याच वाकणार, आणि आखूड पट्टी ताठ असल्याने जास्त ओझं तिच्या अंगावर. किती जास्त? रँकिन आणि ग्राशॉफ यांच्या नावाने चालणाऱ्या हिशेबात लांबी-रुंदीच्या गुणोत्तराचा चौथा घात घ्यायचा. 1.2 चा चौथा घात दोनाच्या जरा वर, म्हणजे दोन तृतीयांश भार आखूड बाजूने उचलला. गुणोत्तर दोन झालं की सोळास एक. दुपटीची मर्यादा कुठून आली हे कळल्यावर मला इतका आनंद झाला, की मी रात्री पावणेबाराला सौ.ना उठवलं. तो प्रसंग इथं देत नाही.

मग वजनं. काँक्रीटचं घनमीटरला 25 किलोन्यूटन, वर फरशीचा एक, आणि राहत्या घरात माणसं-सामानाचे चौरस मीटरला दोन, म्हणजे साधारण दोनशे किलो. आमच्या हॉलमध्ये ते जवळजवळ तीन टन भरतं. सरासरी 65 किलोंची पंचेचाळीस माणसं. "एवढी माणसं कधी येणार आहेत?" मी विचारलं. "तुमच्या बहिणी सत्यनारायणाला येतात तेव्हा," उत्तर आलं. आणि वर या सगळ्याला दीडाने गुणायचं असतं. नणंदांचा एवढा खोल विचार आयएसवाल्यांनी केलेला बघून सौ. पहिल्यांदा त्या पुस्तकाकडे आदराने बघू लागल्या.

स्लॅब मला 110 मिलिमीटरचा पुरेसा वाटत होता. इंजिनिअर बाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी माझी वही शांतपणे चाळली.

"काका, गणित बरोबर आहे. पण वायरिंगचे पाइप स्लॅबमधूनच जाणार ना? ते कुठे बसवता? 125 धरा."

125 धरून पुन्हा सगळं मांडलं. खालून 20 मिलिमीटर कव्हर, सळईची निम्मी जाडी 4, राहिली उपयोगी खोली 101. आतल्या बीमवर सळई लागते मीटरला 162 चौरस मिलिमीटर. मध्यावर 121. पण स्लॅबमध्ये 0.12 टक्के लोखंड हवंच, असं तेच पुस्तक म्हणतं, आणि ते होतं 150. म्हणजे मध्यावरच्या माझ्या सगळ्या दशांश स्थळांना कुणी विचारलंच नाही. तिथं नुसता किमान नियम लागू झाला. तरी मी हार मानली नाही. 8 मिलिमीटरची सळई 300 मिलिमीटरवर टाकली की 167 मिळतात. नियमात बसतं. लोखंड वाचतं. मी तो कागद लॅमिनेट करून साइटवर नेला.

मिस्त्रींनी तो उलटा धरला, मग सुलटा धरला. "साहेब, एका फुटावर सळई? मधून मांजर पडंल."

"मग तुम्ही काय टाकता?"

"अडीच सुती, सहा इंचाला. दोन्हीकडनं."

अडीच सूत म्हणजे 8 मिलिमीटर. सहा इंचाला ती सळई टाकली की मीटरला 335 येतात. माझ्या हिशेबाच्या दुप्पट. मिस्त्रींनी तक्ता 26 जन्मात पाहिला नव्हता. मी मदतीच्या आशेने बाईंकडे पाहिलं. त्यांनी मिस्त्रींची जाळी कायम केली आणि वर दोन बाहेरच्या कडा जिथं भेटतात त्या कोपऱ्यात खाली-वर जादा जाळी काढून दिली: आखूड बाजूच्या एक पंचमांश, म्हणजे 70 सेंटिमीटरपर्यंत, मध्यावरच्या लोखंडाच्या पाऊणपट. भार आला की स्लॅबचा असा कोपरा उचलला जाऊ पाहतो, आणि दाबून धरलेला असल्यामुळे तडकतो. मिस्त्री म्हणाले, "कोपऱ्यात कोण नाचणारंय?" पण टाकली. मला जरा बरं वाटलं; निदान कुणाचं तरी दुसऱ्याने ऐकलं होतं.

स्लॅबच्या दिवशी सकाळी नारळ फुटला. आमच्या गल्लीत आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी वळत नाही, म्हणून मिक्सर-लिफ्ट लावलेली. मी कंपनीतले सेफ्टी शूज घालून, हेल्मेट चढवून, व्हर्निअर घेऊन सळ्यांवर चढलो. टीएमटीच्या सळईला कड्या असतात, त्यामुळे ती जिथं पकडावी तिथं वेगळी भरते. हे मी डायरीत लिहून घेतलं. मग बीमवरच्या वरच्या सळ्यांमधलं अंतर मोजत इकडून तिकडे चालू लागलो. वजन, सांगायला हरकत नाही, 92 किलो.

"साहेब, खाली उतरा!" मिस्त्री मिक्सरच्या वर आवाज काढून ओरडले. "वरची जाळी बसवली सगळी!"

मी वाकून पाहिलं. आतल्या बीमवर स्लॅब वरच्या अंगाने ताणला जातो, म्हणून तिथली सळई वर लागते. तक्त्यातले ते 0.060 तिच्यासाठीच. खालच्या जाळीवर टेकवलेल्या चेअरवर, म्हणजे वाकवलेल्या सळईच्या छोट्या घोड्यांवर, ती उभी होती. माझ्या पावलांखाली चेअर आडव्या झाल्या होत्या आणि सळई इंचभर खाली गेली होती. बाई शिडीवरून हे बघत होत्या. "काका, 101 चे 76 केलेत." म्हणजे त्या ठिकाणची ताकद पाव हिश्शाने कमी. घमेली वाहणारी माणसं मात्र शहाण्यासारखी टाकलेल्या फळ्यांवरून जात होती.

काम थांबलं. चेअर पुन्हा बांधल्या, आणखी टाकल्या, आणि मला जिन्याखाली खुर्ची देऊन बसवण्यात आलं. दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं काम माझ्याकडे आलं. मिश्र सिमेंट असेल तर निदान 10 दिवस ओलं ठेवा, असं आयएस 456 सांगतं. ते काम मला मिळालं कारण त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं. तरी मी पाण्याची खोली मोजली.

तुमच्याकडे स्लॅब असेल तर डिझाइन इंजिनिअरला करू द्या, वरच्या सळईखाली चेअर भरपूर घालायला लावा, चालायला फळ्या टाका आणि घरमालकाला वर चढू देऊ नका. ऐकत नसेल तर त्याच्या हातात पाण्याचा पाइप द्या.