पंचावन्नावा अध्याय

तुम्हाला म्हणून सांगते, पुढे बोलू नका. सकाळच्या बोरिवली-चर्चगेट फास्टच्या लेडीज डब्यात हल्ली काय वाचतात ते कळलं, तर दारात वारा खात उभ्या असलेल्या बायकासुद्धा आत येतील. नायिका एकोणीस वर्षांची. नायक पाचशेच्या पुढचा. त्याला वटवाघळासारखे पंख, अंगभर गोंदण, आणि वागणं असं की मी इथे लिहिलं तर संपादक कात्री घेऊन बसतील. हे सगळं चालतं कुठे, तर चौथ्या सीटवर अर्धवट टेकून, खांद्यावर दुसरीची पर्स झेलत, चेहऱ्याची रेषही न हलवता! मालाड गेलं, गोरेगाव गेलं, पोरगी पान उलटते आणि गालातल्या गालात हसते. काय वाचतेस गं, विचारलं तर म्हणते, "फँटसी आहे, काकू."

पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सोडली, तेव्हा फार तर बायका डब्यात मटार सोलतील, श्रावणात हळदीकुंकू करतील, असा अंदाज असणार. पिशाच्चांशी संधान बांधतील हे कुठल्याच टाइमटेबलात नव्हतं.

आमच्या वेळी निदान उघड होतं हो. मिल्स अँड बूनच्या कव्हरवरच तो तिला कवटाळून उभा असायचा. मग पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं, आणि तसं कव्हर दिसलं की आईला कळायचंच. आता ती सोय राहिली नाही. सारा जे. मास नावाच्या अमेरिकन बाईंच्या मालिकेचं हल्लीचं कव्हर पाहा: लालभडक रंग, त्यावर एक जनावर. पंचतंत्राची नवी आवृत्ती म्हणून खपेल. अंधेरीच्या एका गृहस्थांनी दहावी झालेल्या लेकीला हौसेने अख्खा संच आणून दिला म्हणे. "वाचनाची आवड लागली," असं चार ठिकाणी सांगत फिरले बिचारे. त्यांना कुणी सांगायचं?

मालिकेचा पहिला भाग आला २०१५ मध्ये. खरा गहजब आहे तो २०१६ च्या दुसऱ्या भागातल्या पंचावन्नाव्या प्रकरणाचा. ह्या पंथात नुसतं "पंचावन्न" म्हटलं तरी पोरी एकमेकींकडे बघून पदर नसला तरी तोंडाला लावतात. मुलुंडच्या एका घरातली ऐकीव गोष्ट सांगते. नात फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "पंचावन्नावा अध्याय परत वाचला, काल रात्री तिसऱ्यांदा." आजी आतून कौतुकाने बाहेर आल्या. "पारायण करतेस होय? पण गुरुचरित्र तर बावन्न-त्रेपन्नात संपतं गं." पोरीने काय उत्तर दिलं ते कळलं नाही. आजींनी तिला रोज रात्री सुंठ घातलेलं दूध सुरू केलं एवढं कळलं.

ह्या साथीचं मूळ तसं जुनं. स्टेफनी मेयर बाईंचं 'ट्वायलाइट' २००५ चं, आणि आज लेडीज डब्यात ज्यांच्या गळ्यात ऑफिसचं आयकार्ड आहे त्यांच्यातल्या कितीतरी जणी त्यावरच वाढल्या. त्यातला एडवर्ड स्थळ म्हणून कसा आहे बघा. जन्म १९०१, शिकागो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत शेवटच्या घटका मोजत होता, तेवढ्यात डॉक्टरांनीच चावून रक्तपिपासू केलं. तेव्हापासून वय सतरा ते सतराच. शिक्षण म्हणाल तर बारावी, पण इतक्यांदा की कुठल्याही क्लासने बॅनरवर फोटो लावावा. मुलगा झोपत नाही, जेवत नाही, म्हणजे डबा करायला नको. फक्त रात्री खिडकीतून येऊन ती झोपलेली बघत बसतो. हे वाक्य वाचून आमच्या सेक्रेटरींनी बी विंगच्या मागे आणखी एक सीसीटीव्ही मागवला.

पण कळस पुढेच आहे. हे एडवर्डचं कुटुंब माणसांचं रक्त पीत नाही, हरणं आणि डोंगरी सिंह मारून भागवतं, आणि म्हणून स्वतःला शाकाहारी म्हणवतं! मेयर बाईंनी हे लिहिताना घाटकोपर-मुलुंड पाहिलेलं नसावं, तरी बरोबर लिहिलं. आपल्याकडे अर्ध्या सोसायट्यांत भाडेकरूला आधी हेच विचारतात. जुना ड्रॅक्युला असता तर 'लसूण चालत नाही' ह्या एका वाक्यावर त्याला घाटकोपरला जैन सोसायटीत टू बीएचके मिळाला असता. एडवर्ड बोरिवलीला बरा. मागे नॅशनल पार्क, हवी तेवढी सांबरं. बिबट्यांशी जमवून घ्यावं लागेल एवढंच. आणि हो, ह्यांची कातडी उन्हात हिऱ्यासारखी चमकते, म्हणून बिचारे अमेरिकेतल्या एका सतत पाऊस पडणाऱ्या गावात राहतात. मुंबईत जून ते सप्टेंबर निभेल. ऑक्टोबरमध्ये स्कायवॉकवर पकडला जाईल.

हे सगळं इंग्रजी वाचणाऱ्या पोरींपुरतं असतं तर मी कशाला तोंड उघडलं असतं? पण टिकटॉकवर २०२० च्या जूनअखेर बंदी आली आणि तिथली पुस्तकवेड्यांची ही सगळी जत्रा इन्स्टाग्रामवर येऊन बसली. तिथे एकेक जणी पुस्तक छातीशी धरून रडतात, आणि ते बघून दुसऱ्या चार जणी ऑर्डर करतात. त्यात ही मराठी-हिंदी ॲप्स. प्रतिलिपीवर मराठीत पिशाच्चं, नागकन्या, शापित राजपुत्र, काय हवं ते भागाभागांनी मिळतं, आणि प्रत्येक भाग अशा जागी तोडलेला की बाई कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरते. वाचायला वेळ नसेल तर पॉकेट एफएम कानात घालायचं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी गवार मोडताना कानात इअरफोन घालून बसतात, सगळ्यांना वाटतं विष्णुसहस्रनाम. परवा त्या पुटपुटल्या, "अल्फाने तिला ओळखलंच नाही!" अल्फा म्हणजे लांडग्यांच्या टोळीचा मुख्य. दिवसा कंपनीचा मालक, पौर्णिमेला लांडगा. मी म्हटलं, वहिनी, खाली कुत्र्यांना बिस्किटं घातली म्हणून तुम्ही मीटिंगमध्ये दोन तास भांडलात ना? त्या म्हणाल्या, "ते वेगळं. त्या कुत्र्यांना काही भावना आहेत का?"

आता नावं ठेवणाऱ्यांकडे वळू. "आमच्या घरात असलं कधी नव्हतं," म्हणणाऱ्या सासूबाई २०१५ च्या नोव्हेंबरपासून शनिवार-रविवार कुठे होत्या? कलर्सवर 'नागिन' बघत होत्या. नागीण माणसाशी लग्न करते, सूड घ्यायचा म्हणून, आणि त्याच्या प्रेमात पडते. हा माल अंधेरीचा, एकता कपूरच्या बालाजीचा, उपनगराचं स्वतःचं उत्पादन. त्याच बालाजीने २०१० मध्ये स्टार वनवर 'प्यार की ये एक कहानी' काढली होती, कॉलेजातला रक्तपिपासू आणि त्याच्यावर जीव टाकणारी मुलगी. 'ट्वायलाइट'ला हिंदी कपडे शिवले म्हणा. दुसरीकडे 'ससुराल सिमर का'मध्ये सून माशी झाली आणि घराघरांत लोक पोळीवरची माशी मारताना दोनदा विचार करू लागले. मग पोरगी पंखवाल्यावर भाळली तर एवढं काय?

आणि देवादिकांच्या नावाखाली आपण काय काय गिळलं! २०१४ ते २०१७ 'जय मल्हार'च्या वेळेला फोन केला तर नातलग कायमचे तुटायचे. काय होतं त्यात? सारीपाटात हरलेला देव बारा वर्षं घर सोडतो, धनगराच्या वाड्यावर म्हाताऱ्या चाकराचं सोंग घेऊन राहतो, बाणाईची मेंढरं मारतो, आणि लग्नाला हो म्हणत असाल तर जिवंत करतो म्हणून अडून बसतो. हे एखाद्या अमेरिकन बाईने लिहिलं असतं तर चौदा भाग खपले असते, आणि मुलींचे दोन तट पडले असते, एक म्हाळसेचा, एक बाणाईचा. आपल्याकडे ते आधीच पडलेत. दोघींचं पटेना, म्हणून जेजुरीला म्हाळसा वर गडात देवाशेजारी आणि बाणाई अर्ध्या डोंगरावर. मुंबईच्या कुठल्याही दोन जावांना ही सोय पटेल.

सोवळं जुनं आहे, त्याची फजितीही जुनी. १९६२ च्या दिवाळीत एका मासिकाच्या अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा आली. अश्लील आहे म्हणून पुण्यात फिर्याद झाली, उच्च न्यायालयाने पंचवीस रुपये दंड केला, आणि प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायमूर्तींनी बसून 'शामा' वाचली आणि १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष सुटले. त्याच वर्षी त्यांच्याच 'निलांबरी'वरून काढलेला 'दो रास्ते' लागला आणि ज्यांनी नाकं मुरडली होती तेही राजेश खन्नाला बघायला सहकुटुंब गेले. आणि त्या मासिकाचं नाव काय? 'रंभा'! अप्सरेच्या नावाचा अंक दिवाळीला घरात आणायचा आणि आत शृंगार निघाला म्हणून कोर्टात जायचं.

नाहीतरी हा धंदा आपल्याकडे वेदकाळापासून आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात उर्वशी आणि पुरूरवा भांडतात. बाणभट्टाची कादंबरी गंधर्वांच्या घरची लेक, आणि तिचा जीव जडला उज्जैनच्या राजपुत्रावर. पण जुन्यात आणि नव्यात एक मेख आहे, ती कुणी बोलत नाही. आपल्या बहुतेक जुन्या गोष्टींत अद्भुत असते ती बाई, आणि गोष्ट संपते ती कुणीतरी निघून जाण्याने. उर्वशी अट मोडली म्हणून गेली. गंगेने शंतनूला एक प्रश्न विचारू दिला नाही, विचारला तशी गेली. मेनका तर इंद्राकडून डेप्युटेशनवरच आली होती. बाई टिकली तर पुरुष जातो: हिडिंबेला भीमाने जंगलात ठेवली, आणि उलूपी नागकन्येकडे अर्जुन एक रात्र राहिला, पुढे तीर्थयात्रा होतीच.

नव्या पुस्तकांत अद्भुत आहे तो पुरुष, आणि तो जात नाही. जाऊच शकत नाही! लांडगा असेल तर एकदा 'मेट' ठरली की जन्माची, पंखवाला असेल तर नियतीचा धागा बांधलेला, रक्तपिपासू असेल तर शंभर वर्षांत दुसरी कुणी आवडलीच नाही. शिवाय तो ऐकतो. पाचशे वर्षांचा पुरुष, युद्धं करून आलेला, बाईने "मला आज बरं वाटत नाहीये" म्हटलं की हातातली तलवार खाली ठेवून शेजारी बसतो. माझं मत विचाराल तर त्या पंचावन्नाव्या प्रकरणापेक्षा हेच जास्त चावट आहे. पंख कुणाला हवेत हो? जिला दुपारी केलेल्या मेसेजला रात्री अकरा वाजता अंगठा येतो, तिला कुणी पुरं वाक्य ऐकून घेतलं तरी घाम फुटतो.

लिखाण म्हणून ह्यातलं पुष्कळसं सुमार असतं, हेही सांगून टाकते. तिसऱ्या भागात नायक तेच म्हणतो जे पहिल्यात म्हणाला, फक्त पंख पसरून. दीडशे पानं राजकारण चालतं आणि ते सगळ्याजणी सोडून देतात, मला तरी अजून ते पूर्ण वाचलेली मुलगी भेटलेली नाही. तरी सातशे पानं लोकलमध्ये उभ्याने वाचणारी पोर पाहिली की तिच्या मनगटाचं कौतुक वाटतं.

मला खटकतं ते वेगळंच. भुतं आपल्याकडे ढीगभर, आणि नायक सगळे आयात! नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या कादंबरीवरून 'लुचाई' लिहिली, रक्तपिपासू मराठीत आणला, पण घाबरवण्यापुरता. त्याच्याशी कुणी संसार मांडला नाही. सिनेमाने थोडं केलं. आदित्य सरपोतदारने 'झोंबिवली'त डोंबिवलीला झोंबी सोडले, 'मुंज्या'त कोकणातला मुंजा आणला. पण मुंजा नायक व्हायचा नाही. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला, वय आठ-दहा, पिंपळावर बसून हट्ट करतो. असे घरोघरी आहेत.

उलट वेताळ बघा. उंच, रात्री फिरणारा, आणि मुख्य म्हणजे बोलका. विक्रमाच्या खांद्यावर बसून त्याने एकामागून एक पंचवीस गोष्टी सांगितल्या. दुसरा कुठला नवरा सांगेल? वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे, त्याला लोक भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावभर राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात अशी श्रद्धा. देवाला हात जोडूनच बोलते, पण रात्रभर जागून गावाची काळजी वाहणारा, वहाणा झिजेपर्यंत चालणारा, वर तक्रार न करणारा पुरुष कादंबरीत आला तर पोरी त्या पंखवाल्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत.

हे मी वहिनींना बोलून दाखवलं. त्या गवार बाजूला ठेवून विचारात पडल्या. म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे. तुम्ही लिहा, मी रोज एक भाग वाचीन. फक्त त्याला कोकणातून इथे आणायचा असेल तर घर दहिसरच्या पुढे नको हां. आणि सासू दाखवू नका."