गंगावनाची प्रतवारी

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात कापसाच्या भावावर बोलायला जाणकार लागत नाही, बसथांबा पुरतो. संत्र्यावर कोळशी पडली तर कृषी सहायकाला गाठता येतं. तुरीवर अळी आली तर फवारणीचं वेळापत्रक मिळतं. पण लग्न पंधरा दिवसांवर आलंय, नवरीला मनगटाएवढी वेणी हवीय आणि भरतेय करंगळीएवढी, अशा वेळी कोणाचं दार ठोठावायचं, याची सरकारदरबारी काहीच तजवीज नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हे मार्गदर्शन. लाभार्थी : नवरी, करवल्या, आणि प्रत्येक लग्नात ‘माहे केस पहिले कंबरेखाली होते वं’ हे वाक्य किमान एकदा उच्चारणाऱ्या सर्व स्त्रिया. पुरुष अर्जदारांचं टक्कल वेगळ्या खात्यात येतं, त्यांनी रांगेत उभं राहू नये.

पहिली गोष्ट, न्यूनगंड काढून टाकावा. दुसऱ्याचे केस आपल्या डोक्यावर मिरवणं हे काही नागपूरच्या मॉलमध्ये काल-परवा निघालेलं फॅड नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, आणि तिथून पुढे कितीतरी दशकं मराठी रंगभूमीवरच्या सीता-शकुंतला पुरुषच होते. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती (1913) म्हणजे अण्णा साळुंके. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये राम तेच आणि सीताही तेच. एकाच माणसाने एकाच चित्रपटात स्वतःचा विरह स्वतः सोसला, आणि दोघांतला फरक काय तो केसांचा आणि नेसण्याचा. तेव्हा करवलीने एका रिसेप्शनपुरते वीतभर केस वाढवले तर आजीने नाक मुरडण्याचं कारण नाही. आजी मुरडतेच. तिचा बंदोबस्त पुढे सांगितला आहे.

आता प्रकार. जत्रेत कटलरीच्या दुकानावर लोंबतं ते काळ्या धाग्याचं गंगावन. ते वेणीत गुंफायचं, रात्री काढून खुंटीला लावायचं. स्वस्त, निरुपद्रवी, आणि फोटोत पाच पावलांवरूनही ओळखू येणारं. पार्लरमध्ये त्याच्या वरच्या पायरीवर चिमट्याचे केस मिळतात, ते दिवसापुरते लावायचे. चिकटपट्टीचेही असतात. पण ज्या घरात शनिवारी डोक्यावर तेलाची वाटी उलटी होते, तिथे चिकटपट्टी सोमवार पाहत नाही. राहिले शिवलेले. एकाच मांडवात हळद, लग्न, रिसेप्शन आणि मग पाचपरतावन असा कार्यक्रम असेल तर मुली हटकून इथे येऊन थांबतात, म्हणून त्याचा तपशील नीट घेऊ.

आपल्याच केसांच्या, टाळूला चिकटून, बारीक आडव्या वेण्या घालतात. बाहेरचे केस एका काठाला शिवून त्यांची लांब पट्टी केलेली असते. वाकडी सुई आणि जाड दोरा घेऊन ती पट्टी त्या वेण्यांवर टाचतात, वरून आपले मोकळे केस सोडतात. टाका वेणीला पडतो, कातडीला नाही. हे वाक्य नवरीच्या आईला दोनदा वाचून दाखवावं. एकदा वाचल्याने तिचा विश्वास बसत नाही.

या शिवणकामाचं पेटंट 1952 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या क्रिस्टिना जेन्किन्स या कृष्णवर्णीय बाईंना मिळालं. त्यांच्या समाजातल्या स्त्रियांचे केस घट्ट कुरळे, एकदा वेणी घातली की ती जागची हलत नाही. आपले केस सरळ, बारीक, वर आयुष्यभराचं तेल प्यालेले. त्यांच्यावरची वेणी बऱ्यापैकी लवकर सैलावते आणि पट्टी खाली उतरायला लागते. म्हणून आपल्याकडच्या पुष्कळ पार्लरांत वेणीऐवजी केसांच्या बारीक बटांवर छोट्या कड्या दाबून बसवतात आणि पट्टी त्या कड्यांना शिवतात. तेव्हा दरपत्रक हातात घेण्याआधी एवढंच विचारावं : ‘ताई, टाका कशावर घालता?’ उत्तराऐवजी चहा आला तर चहा प्यावा आणि निघावं.

आता मुख्य काम, प्रतवारी. इथे आष्टीकरांनी संकोच करू नये, कारण धागा पारखण्यात या पट्ट्याचा हात धरणारं कोणी नाही. आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या बाजारात गाडी लावून ज्याने ग्रेडरला मुठीतला कापूस ओढताना पाहिलंय, त्याला केस पारखता यायलाच हवेत. अडचण एवढीच की बाजार समितीत जाणारे बाप्ये आणि पार्लरमध्ये जाणाऱ्या बाया यांच्यात ज्ञानाची देवाणघेवाण नाही. मुलीच्या वडिलांना पार्लरमध्ये सोबत न्यावं अशी या मार्गदर्शनाची ठाम शिफारस आहे. बाहेर मोटरसायकलवर बसवून ठेवून त्यांचा काही उपयोग होत नाही.

ग्रेडर आधी धाग्याची लांबी पाहतो. केसांची लांबी इंचांत सांगतात आणि ती ताणून मोजलेली असते, कुरळा माल सोडला की आखूड दिसतो. पण लांबीपेक्षा भरीवपणा महत्त्वाचा. पट्टीच्या काठाशी मूठ भरून पाहावी, मग त्याच केसांच्या टोकाशी. वर मूठभर आणि खाली चिमूटभर निघाले तर त्या झुबक्यात आखूड केसांची भेसळ आहे आणि आपण चोवीस इंचांच्या भावात चौदा इंच घेतोय. पाकीट बहुधा 100 ग्रॅमचं असतं आणि भरगच्च डोक्याला एक सहसा पुरत नाही. हे पार्लरवाली शिवण अर्धी झाल्यावर सांगते.

मग ओलावा. सरकारी खरेदीत कापसाचा ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात आणि 12च्या वर गेला की गाडी परत. केसांच्या बाजारात पाणी मारत नाहीत, सिलिकॉन मारतात. केसाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात, मुळाकडून टोकाकडे कललेले. सगळे केस एकाच दिशेने ठेवलेले असले तर खवले एका रोखाने बसतात आणि गुंता होत नाही. या मालाला ‘रेमी’ म्हणतात आणि सगळे पैसे त्या दोन अक्षरांचे असतात. उलटसुलट झालेल्या केसांचे खवले एकमेकांत अडकतात, म्हणून कारखान्यात ते आम्लाने काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा हात देतात. दुकानात असा केस रेमीपेक्षाही जास्त चमकतो. काही धुण्यांत चमक नाल्यात जाते आणि मागे उरतो तो नारळाचा काथ्या. तपासणी सोपी आहे. एक केस दोन बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं न्यावीत, मग उलट. उलट जाताना किंचित खरखर लागली तर खवले जागेवर आहेत. दोन्हीकडून तुळतुळीत लागला तर अति चकचकीत माल पाहून ग्रेडर करतो तसा चेहरा करावा.

आणि जळवण चाचणी. पडलेला एक केस मागून घ्यावा आणि दुकानाबाहेर जाऊन काडी लावावी. खरा केस जळक्या पिसासारखा वास देतो आणि बोटांत चुरून राख होतो. प्लॅस्टिकचा वितळून कडक मणी होतो. मण्याबद्दल वाद घालणाऱ्या दुकानदाराला दुसरा केस मागावा. तिसरा तो देत नाही.

पाकिटावर ‘ब्राझिलियन’, ‘पेरूव्हियन’ असं छापलेलं असतं. जगाच्या बाजारात केसांचा मोठा पुरवठादार भारत आहे आणि देशांची ही नावं बहुतेक वेळा पोत सांगायला किंवा नुसती भाव चढवायला वापरतात. 16 ऑगस्ट 1942 रोजी परक्या सरकारच्या ठाण्यावर चालून गेलेल्या आष्टीने ‘इम्पोर्टेड’ या शब्दापुढे मान तुकवावी, हे बरं दिसत नाही.

इथे आजीचा प्रश्न येतो, आणि तो टाळता येत नाही.

‘हे केस कोनाचे हायेत वं?’

‘तिरुपतीचे हायेत म्हणते पार्लरवाली, आजी.’

‘म्हंजे कोनं देवाले वाह्यलेले? थे तू डोक्शावर घेऊन रायली?’

आजीला अडाणी समजू नये. हाच प्रश्न 2004 साली जेरुसलेममधल्या धर्मगुरूंना पडला होता. कर्मठ ज्यू घरांत लग्न झालेल्या बायका स्वतःचे केस झाकायला टोप वापरतात, आणि त्या टोपांत तिरुमलाच्या मुंडणाचे केस असतात असं कळल्यावर ते निषिद्ध ठरवले गेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बायकांनी महागडे टोप रस्त्यावर पेटवले. आपल्याकडचा व्यवहार उघड आहे : भक्त केस देतो, देवस्थान त्यांचा लिलाव करतं, पैसा देवस्थानाकडे जातो. मुंडणाचे केस मुळापासून एका रोखाने कापले जातात, म्हणून ते बाजारात सर्वांत वरच्या प्रतीचे ठरतात. आजीला सांगावं की देवाने ते विकले आणि आपण विकत घेतले, पावती आहे. पावती खरोखर मागून घ्यावी. पार्लरवाली ज्याला त्याला तिरुपतीच सांगते, आणि तिरुपतीचे म्हणून शिवलेले निम्मे केस तिरुपतीचे असते तर तिथे अख्खा देश टकला फिरताना दिसला असता.

मग बाकीचे येतात कुठून? त्याचं उत्तर आजीच्याच खोलीत, कंगव्यांच्या डब्यात, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं सापडेल. गुंतवळ. रोज पन्नास ते शंभर केस प्रत्येकाचेच गळतात. आजी ते बोटाभोवती गुंडाळून ठेवते. पूर्वी करणीच्या भीतीने त्यावर थुंकून टाकायची, आता केसांवर भांडी देणारी बाई दारावर येईपर्यंत जपते. मूठभर गुंतवळीवर एखादी चाळणी नाहीतर पिनांचं पाकीट मिळतं. कुठे कुठे पोरांना फुगे मिळतात आणि मग पोरं घरातल्या सगळ्यांचे कंगवे साफ करू लागतात. कापसाच्या भाषेत ही फरदड. तो माल पुढे कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या गावांत किंवा पश्चिम बंगालमध्ये जातो. तिथे बाया दिवसभर बसून त्याचा एकेक केस सोडवतात, लांबीप्रमाणे लावतात, विंचरतात. हे काम इतकं चिवट आहे की ते बहुतांशी हातानेच होतं. जानेवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, कारण माल तसाच चोरवाटांनी परदेशी जात होता आणि इथे सोडवणाऱ्या हातांना काम राहत नव्हतं.

म्हणजे आष्टीतून केस चाळणीच्या भावात जातो आणि धुऊन, शिवून, पाकिटात बसून पाच आकड्यांत परत येतो. याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या मगनवाडीत, 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पांनी तिथे तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, हातसडीचा तांदूळ अशी एकेक गोष्ट हाती घेतली. कच्चा माल गावातून स्वस्त जाऊ नये आणि पक्का होऊन महाग परतू नये, हाच सगळा खटाटोप. यादीत केस राहून गेले. आश्रमात डोकी तासलेली असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नसावं. आज तालुक्यातल्या बचत गटांकडे पापड आहेत, लोणची आहेत, उटणं आहे. गुंतवळ सोडवण्याचा प्रस्ताव कोणी दिला तर बँकेचा साहेब पापडाचा नमुना मागतो तसा याचा मागणार नाही, एवढीच भीती.

शिवून झाल्यावरची शिस्त. पहिले दोन दिवस डोकं ओढल्यासारखं वाटतं, ते सवयीने जातं. पण कपाळाच्या कडेला पुटकुळ्या आल्या, भुवया उचललेल्याच राहिल्या किंवा झोप लागेना, तर टाका घट्ट आहे. तो त्याच दिवशी सोडवून घ्यावा. ‘लग्नापुरतं सोस’ हा सल्ला देणाऱ्या मावशीला स्वतःच्या डोक्यावर प्रयोग करायला सांगावं. सतत ताण बसला की कानशिलांवरचे केस मुळातून जातात, आणि तो ताण फार दिवस राहिला तर परत येत नाहीत. मग कायमचं गंगावन.

धुताना वेण्यांच्या खालची टाळू कोरडी होणं महत्त्वाचं, नाहीतर आत कुबट वास धरतो. त्यासाठी हेअर ड्रायर लागतो, ड्रायरसाठी वीज लागते, म्हणून भारनियमनाचं वेळापत्रक पाहूनच डोकं धुवावं. बोअरच्या जड पाण्याने बाहेरचा केस कडक होतो, शेवटचा तांब्या गाळलेल्या पाण्याचा घ्यावा. तेल फक्त टाळूला, तेही थोडं. नवतपात लग्न असेल तर दुपारच्या उन्हात स्कार्फ बांधून आर्वीपर्यंत गाडीवर जायचा बेत रद्द करावा. आधीच दोन डोक्यांचे केस, वर स्कार्फ, वर पंचेचाळीस अंश. हळदीच्या दिवशी उत्साही नणंद डोक्यावर हात फिरवायला येते, तिला आधी सूचना द्यावी. हळद आपल्या केसांतून उतरते, रंगवलेल्या केसांतून उतरेलच असं नाही. अक्षता मात्र अडकणारच. पाचपरतावनापर्यंत निघत राहतात.

सहा ते आठ आठवड्यांनी सगळं उतरवावं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, तेवढ्यात टाका टाळूपासून खाली येतो आणि पट्टी डोलू लागते. दोरा कापायला पार्लरलाच जावं. घरी ब्लेड घेऊन बसलेल्या वहिनीला आपले कोणते आणि विकतचे कोणते हे मागून दिसत नाही. उतरवल्यावर आपले केस हातात झुबक्याने आले तर घाबरू नये, दोन महिने जे गळून आतच अडकलं होतं ते एकदम निघतं.

उतरवलेली पट्टी चांगली असेल तर धुऊन, सावलीत वाळवून, पुढच्या बहिणीच्या लग्नासाठी जपून ठेवावी. काथ्या झाली असेल तर फेकू नये, केसांवर भांडी देणारी बाई तीही घेते. मात्र शिवण उसवून, दोरा आणि कड्या वेगळ्या करून मगच तिच्या ताजव्यात टाकावी. दोऱ्याचं वजन ती धरत नाही.